एकाचा दंड, गावाचा जीव



अनेकांच्या भल्यासाठी एकाचा बळी द्यावा का, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक जुने संस्कृत वचन हटकून पुढे येते. कुळासाठी एकाला सोडावे, गावासाठी कुळाला सोडावे, देशासाठी गावाला सोडावे, असा त्याचा आशय आहे. पंचतंत्र-हितोपदेशात ते येते, चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिवचनांतही येते. भावकीच्या बैठकीत, संस्थेच्या सभेत, कुणाला तरी गप्प बसवायचे असले की ते आजही ऐकू येते. या वचनाला चौथा चरण आहे आणि तो सहसा कोणी म्हणत नाही. आत्म्यासाठी मात्र सारी पृथ्वीही सोडावी, असे तो चरण सांगतो. पहिल्या तीन पायऱ्या चढून गेलेल्याला चौथी पायरी एकदम उलट दिशेला नेते.

महाभारतात हे वचन विदुराच्या तोंडी आहे. दुर्योधनाच्या जन्माच्या वेळी अपशकुन झाले, तेव्हा कुळाच्या रक्षणासाठी या एका मुलाचा त्याग कर, असे विदुर धृतराष्ट्राला सांगतो. राजा ऐकत नाही. पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून विदुराचे बरोबर होते असे आपण समजतो. पण दोन गोष्टी नजरेतून सुटतात. ज्याचा त्याग करायचा त्या बालकाने तोवर काहीही केलेले नव्हते, ही पहिली. आणि विदुर हे सांगतो ते बापाला, त्याच्या स्वतःच्या मुलाबद्दल, ही दुसरी. दुसऱ्याचे मूल देऊन आपले कूळ वाचव, असा सल्ला विदुराने दिलेला नाही. आपण मात्र हे वचन बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मुलाबद्दल वापरतो.

मी व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. इतिहास हा माझा पदवीचा विषय नाही. तरीही आजच्या व्याख्यानासाठी मी हा विषय घेतला, कारण या प्रश्नाचे सगळ्यांत स्वच्छ दाखले वैद्यकाच्या इतिहासात मिळतात. युद्धात किंवा राजकारणात कोण कोणासाठी मेला याचा वाद कधी संपत नाही. वैद्यकात मात्र 'एक' कोण होता आणि 'अनेक' किती वाचले, हे पुष्कळदा आकड्यांत लिहून ठेवलेले असते. ते आकडे समोर ठेवून विचार करता येतो.

देवीचा फोड आणि मुलांचे दंड

सुरुवात देवीपासून करू. देवी आली की आजारी पडलेल्यांपैकी शंभरात वीस ते तीस माणसे दगावत. जगली त्यांच्या तोंडावर वण राहत, कित्येकांचे डोळे जात. यावर एक जुना उपाय होता. देवीच्याच फोडातला द्रव निरोग्याच्या कातडीत टोचायचा. त्याने हलकी देवी येई आणि माणूस पुढे आयुष्यभर सुरक्षित राही. आपल्या देशात, विशेषतः बंगालकडे, टीकादार लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत. पण यातही शंभरात एखाददुसरा मरे. शिवाय टोचलेल्यापासून दुसऱ्याला खरी देवी लागण्याचे भय असे.

हा उपाय इंग्लंडात रुजवताना १७२१ साली काय घडले ते पाहा. लेडी मेरी माँटेग्यू या बाईंनी तुर्कस्तानात तो पाहिला होता. आपल्या मुलाला त्यांनी तेथेच टोचून घेतले आणि १७२१ मध्ये लंडनला मुलीला टोचून घेतले. राजघराण्याला आपल्या मुलींसाठी तो हवासा वाटला, पण आधी खात्री हवी होती. म्हणून न्यूगेटच्या तुरुंगातले फाशीची शिक्षा झालेले सहा कैदी निवडले. टोचून घ्या आणि जगलात तर सुटा, असा सौदा होता. सहाही जगले. त्यांतल्या एकोणीस वर्षांच्या एका मुलीला तर पुढे देवीच्या रोग्यांजवळ शुश्रूषेला ठेवून पाहिले. त्यानंतर अनाथ मुलांवर प्रयोग झाला. आणि त्यानंतर, १७२२ मध्ये, राजकन्यांना टोचण्यात आले. आधी कैदी, मग अनाथ, मग राजकन्या, असा तो क्रम होता. लेडी मेरीने आपल्या पोटच्या मुलांपासून आरंभ केला, राजवाड्याने दुसऱ्यांपासून केला. उपाय एकच होता. दोघांच्या नीतीत मात्र अंतर आहे.

१४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेनरने गोस्तनदेवीची, म्हणजे गाईच्या सडांवरच्या फोडांच्या रोगाची, लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. मुलगा जेनरच्या माळ्याचा होता. लस घेतली ती एका गवळणीच्या हातावरच्या फोडातून. १ जुलैला त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला. त्याला काही झाले नाही. आज हे ऐकून अंगावर काटा येतो, पण जेनरवर अन्याय करू नये. देवीचा द्रव टोचणे ही त्या काळी इंग्लंडात रूढ गोष्ट होती आणि जेनर स्वतः लहानपणी त्यातून गेलेला होता. फिप्सला पुढे त्याने राहायला घरही दिले. फिप्सचे नाव सगळ्या पुस्तकांत आहे. पण १७९८ साली जेनरने जॉन बेकर या पाच वर्षांच्या मुलालाही टोचले होते. तो मुलगा गरिबांच्या आश्रयगृहात तापाने पडला, म्हणून त्याच्यावरचा पुढचा प्रयोग राहिला, आणि तो वाचला नाही. त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. इतिहास यशस्वी दंडाची आठवण ठेवतो.

जेनरच्या लशीची अडचण अशी की ती टिकत नसे. काचेवर वाळवून, दोऱ्यात भिजवून पाठवली तरी उन्हात, समुद्रप्रवासात ती निकामी होई. खात्रीचा मार्ग एकच होता. एका मुलाच्या दंडावर फोड उठवायचा, आठ-दहा दिवसांनी तो पिकला की त्यातला द्रव दुसऱ्या मुलाच्या दंडात घालायचा, त्याच्यावरून तिसऱ्याच्या. लस जिवंत ठेवायची तर दर आठवड्या-दहा दिवसांनी एक नवे मूल हवे. आपल्याकडे ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मार्गाने आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या सुमारे तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. ही मुलगी एका नोकराची होती. तिच्या दंडावरून मुंबईतल्या आणखी मुलांना लस मिळाली आणि तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. हिंदुस्थानातल्या देवी टोचण्याची वंशावळ या पोरीच्या दंडापाशी सुरू होते.

पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाने आपल्या अमेरिकेतील वसाहतींकडे लस पाठवली. बाल्मिस नावाच्या डॉक्टरच्या हाताखाली हे जहाज ३० नोव्हेंबर १८०३ ला ला कोरुन्या बंदरातून निघाले. जहाजावर बावीस अनाथ मुले होती, तीन ते नऊ वर्षांची. एकाचा फोड फुकट गेला तर दुसरा असावा म्हणून दोघांदोघांना एका वेळी टोचत. त्यांची देखभाल इसाबेल सेंदाल ही अनाथालयाची मुख्य बाई करीत होती आणि तिचा स्वतःचा मुलगा त्या मुलांत होता. मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण राजाच्या खर्चाने होईल असे वचन दिलेले होते. ती स्पेनला परतली नाहीत, मेक्सिकोतच राहिली. क्यूबात पुढच्या प्रवासासाठी मुले मिळेनात, तेव्हा बाल्मिसने तीन गुलाम मुली विकत घेऊन त्यांच्या दंडांवरून लस पुढे नेली. १८०५ साली मेक्सिकोतून सव्वीस मुले घेऊन ही लस फिलिपिन्सला पोहोचली. या मोहिमेने किती लाख माणसे वाचवली याची मोजदाद नाही. ती जगातल्या थोर मोहिमांपैकी एक होती, हे मी मनापासून मानतो. पण तिच्या नावेत राजाचे, सरदाराचे, व्यापाऱ्याचे मूल एकही नव्हते.

दंडावरून दंडावर जाणाऱ्या या पद्धतीत आणखी एक धोका होता. ज्या मुलाचा फोड घेतला त्याला दुसरा रोग असेल तर तोही पुढे जाई. १८६१ साली इटलीतील रिव्हाल्टा गावी एका मुलापासून चाळिसाहून अधिक मुलांना उपदंश झाला. आपल्याकडे गावोगाव 'देवी डॉक्टर' फिरत. टोचलेले मूल त्याला पुढच्या गावाला न्यावे लागे आणि तेथे त्याचा फोड उघडून इतरांना लस द्यावी लागे. ज्या घराला नकार देणे परवडत असे ते घर नकार देई. मूल जाई ते गरिबाघरचे. आपल्या आज्या-पणज्या देवी डॉक्टर आला की मुले लपवीत असे आपण हसून सांगतो. त्या आयांना लशीचे शास्त्र कळत नव्हते हे खरे. पण आपल्या लेकराचा दंड गावाच्या उपयोगाला घेतला जातो आहे, एवढे त्यांना नक्की कळत होते.

वासराची पाळी

यातून सुटका झाली ती वासरांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराचे पोट भादरून, त्यावर ओरखडे काढून लस पेरायची आणि पाचेक दिवसांनी ती खरवडून ग्लिसरीनमध्ये ठेवायची, ही रीत सर्वत्र पसरली. मुलांचे दंड मोकळे झाले. आमच्या बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सीन डेपो आहे. झाडीमुळे आणि मैदानामुळे गावातला प्रत्येकजण ती जागा ओळखतो, सकाळी फिरायला जातो. पण येथे एके काळी जनावरांच्या कातडीवर देवीची लस तयार होत असे, हे नव्या पिढीतल्या पुष्कळांना माहीत नसते. माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या दंडावर जो गोल वण आहे, तो अशाच कुठल्या तरी मुक्या जनावराच्या देण्यातून आलेला आहे.

मी जैन घरातला. पाणी गाळून पिणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे सोडून पुढे जाता येत नाही. आमच्या परंपरेत हिंसेच्या तीन वाटा सांगितल्या आहेत. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून जिला मान डोलावली ती. कृत, कारित आणि अनुमोदित. कर्नाटक-महाराष्ट्रातल्या जैन घरांत यशोधर राजाची कथा सर्वांना ठाऊक असते. वाईट स्वप्नाच्या शांतीसाठी बळी दे, असा आईचा हट्ट. राजा जिवंत प्राण्याला तयार होत नाही. मग तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी देतात. तरीही त्या मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत हाल भोगावे लागतात. सोमदेवाने हीच कथा दहाव्या शतकात यशस्तिलकात मांडली, तेराव्या शतकात जन्नाने कानडीत. बाहेरच्या माणसाला ही कथा टोकाची वाटेल. पण तिचे म्हणणे साधे आहे. माणसाऐवजी जनावर, जनावराऐवजी पीठ, असा बळी स्वस्त करत नेला म्हणून प्रश्न मिटत नाही. माझे कल्याण व्हावे म्हणून दुसऱ्याचा जीव गेला तरी चालेल, ही जी आतली तयारी, तीच मूळ गोष्ट आहे.

याचा अर्थ लस घ्यायला नको होती, असा मी घेत नाही. देवी १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. जी मुले मेली असती ती जगली. हे पुण्यच आहे. पण ऋण होते एवढे तरी मान्य करावे. ज्याला ऋण आठवते तो पुढच्या वेळी कमी घेतो.

हाफकिन आणि उंडेरा

आता आपल्या जवळच्या इतिहासाकडे येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. तो ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला. १८९२ मध्ये पटकीची लस त्याने प्रथम स्वतःला टोचली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तोकड्या जागेत त्याने काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा प्रथम स्वतःच्या अंगात घेतली. पुढे लोकांना देत त्याहून ती मात्रा मोठी होती. ताप आला, अंग दुखले, पण तो काम करीत राहिला.

येथे मला आमच्या हानेमानची आठवण होते. १७९० साली सिंकोनाची साल निरोगी माणसावर काय करते हे पाहताना त्याने ती स्वतः खाल्ली आणि त्यातून पुढे होमिओपॅथीची औषधसिद्धी उभी राहिली. हाफकिनचे शास्त्र आणि हानेमानचे शास्त्र वेगळे आहे, दोघांचे अनुयायी एकमेकांशी भांडतातही. पण दुसऱ्याच्या तोंडात घालण्याआधी आपल्या तोंडात घालावे, ही शिस्त दोघांची एकच होती.

जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेण्याची तयारी दाखवली, साधारण तितक्याच कैद्यांनी घेतली नाही. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेले कोणी नाही. न्यूगेटप्रमाणे येथेही कैदीच पुढे आले. फरक एवढा की येथे सौदा नव्हता आणि डॉक्टर आधी टोचून घेऊन आलेला होता. तरी भिंतीआडच्या माणसाचा होकार किती मोकळा असतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हे आकडे पुरेसे का मानले गेले नाहीत? कारण आपण होऊन लस घेणारा माणूस कदाचित अधिक सावध, अधिक धट्टाकट्टा असेल आणि त्यामुळेच वाचला असेल, अशी शंका घेणारे होते. शंका चुकीची नव्हती. तिचे निरसन करण्यासाठी १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंडेरा गावी प्रयोग झाला. गावात प्लेग चालू होता. कुटुंबे एकेक करून पुढे आणली आणि वय व प्रकृती पाहून दोन्ही बाजू शक्य तेवढ्या सारख्या राहतील अशा रीतीने प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस टोचली. निम्म्यांना टोचली नाही. एकच घर, एकच चूल, एकच उंदीर, फरक फक्त लशीचा.

ज्या कुटुंबांत पुढे प्लेग आला, त्यांतले टोचलेले ७१ जण होते. त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला, ३ मेले. न टोचलेले ६४ होते. त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेले.

श्रोतेहो, हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत. वैद्यकाच्या दृष्टीने ते अतिशय सुंदर आहेत. इतका स्वच्छ पुरावा त्या काळात क्वचितच कोणी दिला असेल. प्लेगची चौकशी करणाऱ्या कमिशनने लस उपयुक्त असल्याचा निर्वाळा दिला, त्यामागे अशा पुराव्यांचे बळ होते. त्याच वर्षी आमच्या शेजारी हुबळीत हजारोंनी टोचून घेतले. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. त्या ६४ जणांनाही लस टोचली असती, तर टोचलेल्यांच्या प्रमाणाने त्यांतले तिघेच मेले असते. म्हणजे तेवीस माणसे, एकाच गावातली, ही लस खरी आहे हे जगाला पटावे म्हणून गेली. त्यांना कोणी मारले नाही. प्लेग तर होताच. त्यांना फक्त वगळले. विदुराच्या वचनातले क्रियापदही 'मारणे' नाही, 'सोडणे' आहे. हे तेवीस जण सोडलेले होते.

हाफकिनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पुरावा नसता तर लस मागे पडली असती आणि मरणारे तेवीस नसते, हजारो असते. उंडेऱ्यात कोणीच आले नसते तर निम्मे ऐवजी सारे गाव उघडे राहिले असते. ज्या ७१ जणांना टोचले त्यांतले पंचवीसेक जण निव्वळ त्या दिवसामुळे जगले. हे सगळे खरे आहे आणि तरीही माझे समाधान होत नाही. त्याचे कारण असे की हाफकिनला स्वतःला लशीबद्दल तोवर फारशी शंका उरलेली नव्हती. शंका होती ती दुसऱ्यांना, साहेबांना, कमिशनांना, समव्यावसायिकांना. त्यांच्या शंकेची किंमत उंडेऱ्याच्या घरांनी भरली.

त्याच काळात दुसऱ्या तऱ्हेने जीव देणारी माणसेही होती. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. त्यांना कोणी निवडले नव्हते. त्यागाचा निर्णय आणि त्यागाची किंमत एकाच माणसाकडे होती, म्हणून तेथे आपण हात जोडतो. उंडेऱ्यात निर्णय एकाचा आणि किंमत दुसऱ्याची झाली, म्हणून तेथे हिशेब मागावा लागतो.

मलकोवाल

या कथेला पुढे विलक्षण वळण लागले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी एकशे सात जणांना प्लेगची लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही मेले. चौकशी बसली. दोष बाटली उघडण्यापूर्वीचा, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतला, असा निष्कर्ष काढण्यात आला. हाफकिनला प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर केले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही साक्षीतली गोष्ट मागे पडली. चौकशीची कागदपत्रे बाहेर यायला १९०६ ची अखेर उजाडली. मग रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले, १९०७ साली त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापले. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाला. पण मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. कलकत्त्याला नेमणूक झाली, तीही माणसांवर नव्या लशी तपासण्याची मुभा न देता. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचे नाव दिले. १९३० साली तो स्वित्झर्लंडात वारला.

सरकारचा हिशेब समजण्यासारखा होता. लोकांचा लशीवरचा विश्वास टिकवायचा तर कोणी तरी एक दोषी दाखवायला हवा. एकाला सोडले की मोहीम वाचेल. पण मोहीम वाचली नाही. पंजाबात लस घेणाऱ्यांचा ओघ आटला आणि नंतरच्या वर्षांत तेथे प्लेगने लाखो माणसे गेली. एकाला सोडून अनेक वाचतील हे गणित मांडणाऱ्याला नेहमी सोपे वाटते. ते चुकले तर एकही जातो आणि अनेकही जातात, आणि मांडणारा बहुधा सुखरूप राहतो.

हाफकिनवरील अन्यायाबद्दल आता पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या सगळ्या लिखाणात मलकोवालची ती एकोणीस माणसे केवळ एक संख्या होऊन राहिली आहेत. जैन विचारात प्रमादाने, बेसावधपणाने घेतलेला जीव हीसुद्धा हिंसाच. जमिनीवर पडलेला चिमटा हे त्याचे याहून साधे उदाहरण मला सुचत नाही. तेथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. घाई होती, पुढे रांग होती, आणि 'एवढ्याने काय होते' हा भाव होता.

हिशेबाची रीत

मग बळी कधीच मागू नये का? मी तसे म्हणणार नाही. समाज चालतो तो कोणी ना कोणी अधिक सोसल्यानेच. पण या दोनशे वर्षांच्या कागदांतून मला चार प्रश्न हाती लागतात आणि ते कोणत्याही त्यागाला विचारता येतात, असे वाटते.

पहिला, ज्याने ठरवले तो स्वतः रांगेत कुठे उभा होता? लेडी मेरी, इसाबेल सेंदाल, हाफकिन यांनी आपले मूल किंवा आपले शरीर आधी पुढे केले. दुसरा, ज्याला सोसायचे होते त्याला नाही म्हणण्याची मोकळीक होती का? अनाथ, गुलाम, कैदी, गरीब हेच दर वेळी कसे सापडतात? तिसरा, फायदा दिसताच उरलेल्यांनाही तो दिला का, की हिशेब पुरा होईपर्यंत त्यांना तसेच ठेवले? आणि चौथा, ज्याने सोसले त्याचे नाव, त्याची भरपाई, त्याची आठवण यांचे काय झाले?

हे प्रश्न आज कायद्यात उतरले आहेत. दुसऱ्या महायुद्धात कैद्यांवर झालेल्या क्रूर प्रयोगांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने माणसाच्या स्वेच्छेच्या होकाराला पहिले स्थान दिले. मृत्यूचा संभव दिसत असेल तर असा प्रयोग करूच नये, अपवाद केलाच तर जेथे डॉक्टर स्वतः त्यात सामील असेल तेथे, असेही त्यात आहे. आता मोठ्या चाचण्यांत मध्येच आकडे तपासतात आणि फायदा स्पष्ट झाला तर चाचणी थांबवून उरलेल्यांनाही औषध देतात. आपल्या देशाच्या २०१९ च्या नियमांत चाचणीत इजा झालेल्याला भरपाईची तरतूद आहे. उंडेऱ्याच्या सव्वीस जणांना यांतले काही मिळाले नाही. पण आज गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला जे संरक्षण आहे, ते अशा घरांच्या अनुभवातून हळूहळू आलेले आहे.

शेवटी एक गोष्ट बोलून थांबतो. बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांत हे वचन रोज पाळले जाते, श्लोक न म्हणता. चौघे भाऊ पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला जातात आणि पाचवा जुन्या वाड्यात आईवडिलांपाशी राहतो. धाकट्यांची शिक्षणे व्हावीत म्हणून थोरली बहीण शाळा सोडते, नोकरी धरते आणि लग्नाचे वय निघून जाते. दवाखान्यात अशी माणसे झोप येत नाही म्हणून येतात. नाडी चांगली असते, रक्तदाब चांगला असतो. विचारता विचारता कळते की ते अमुक वर्षी घरात राहिले, तेव्हा त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सगळ्यांनी गृहीत धरले. आणि वाड्याची वाटणी झाली तेव्हाही ते कोणाच्या लक्षात आले नाही.

अशा माणसाला औषधाची पुडी मी देतो. पण पुडीने होत नाही ते काम घरच्यांचे आहे. तुमच्या घरात असा एकजण असेल. तो तुमच्यासाठी मागे राहिला, हे त्याच्यासमोर, इतरांच्या देखत, एकदा म्हणा. त्याला काय हवे होते ते विचारा, अजून देता येण्यासारखे असेल तर द्या. उंडेऱ्याच्या त्या माणसांना आता काही देता येणार नाही. घरातल्या माणसाला अजून देता येईल.